माणसासाठीची अँटी-आयजीए अँटीबॉडी (आयजीए या लाळेतही सापडणाऱ्या संरक्षक प्रथिनाला चिकटणारी) ऱ्हीसस माकडाच्या लाळेवर चालेल का?

चालेलच असं नाही. माणसात आयजीए-१ आणि आयजीए-२ असे दोन उपप्रकार. ऱ्हीससमध्ये आयजीएचं जनुक एकच, पण ते माकडागणिक बरंच बदलतं. त्यामुळे आयजीएच्या एकाच जागी चिकटणारी मोनोक्लोनल अँटीबॉडी चाचणीत एका माकडात छान रंग देते, दुसऱ्यात काहीच नाही. पॉलिक्लोनल (वेगवेगळ्या जागी चिकटणाऱ्या अँटीबॉडींचं मिश्रण) घ्या, किंवा ऱ्हीससवर तपासलेला मोनोक्लोनलचा क्लोन.

लाळेतलं स्रावी आयजीएच मोजायचं असेल तर चाचणीच्या प्लेटवर आधी सिक्रेटरी कम्पोनंटविरुद्धची (स्रावी आयजीएला जोडलेल्या प्रथिनाच्या तुकड्याला पकडणारी) अँटीबॉडी लावा (तीही माकडावर चालते हे बघून), वरून अँटी-आयजीए. हिरडीतून थोडं रक्त मिसळलं, तरी त्यातलं साधं, हा तुकडा नसलेलं आयजीए धुऊन जातं. आम्ही परळच्या लॅबमध्ये लाळ आधी सेंट्रिफ्यूज करतो; तिची चिकट तार पिपेटच्या टोकाला लोंबत राहिली की आकडे बिघडलेच समजा.