भाडेकरूसकट घेतलेला फ्लॅट

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून बोरिवलीत स्वतःच्या घरात राहतो. दोन वर्षांपूर्वी विलेपार्ले पूर्वेला जुन्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला. आत भाडेकरू असल्यामुळे तो बाजारभावाच्या निम्म्यात मिळाला. 'वर्षभरात खाली करून देतो,' असं एजंट म्हणाला होता. मूळ भाडेकरू १९६८पासून लायसन्सवर, म्हणजे मालकाने दिलेल्या राहण्याच्या परवानगीवर, तिथे राहत होते. ते २०१६मध्ये वारले. आता त्यांची पत्नी आणि मुलगा राहतात. ते आधीपासून तिथेच होते. भाडं महिना ३१० रुपये, आणि सोसायटीचं मेंटेनन्स ४,२०० रुपये मी भरतो! मुलगा भाड्याचे चेक पाठवतो. तो थकबाकीदार ठरावा म्हणून मी ते परत पाठवतो. एजंट आता पाण्याची लाइन बंद करायला सांगतोय. भाडं बाजारभावाने वाढवता येईल का? घर कसं खाली करून घेऊ? माझा ठाण्यातही एक फ्लॅट आहे. तो ११ महिन्यांच्या नोटरी केलेल्या करारावर दिला आहे, तिथे मात्र काही त्रास नाही.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : पाण्याच्या लाइनला हात लावू नका. प्लंबरला सांगून ठेवलं असेल तर आधी त्याला नको म्हणून कळवा, मग पुढचं वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २९नुसार भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती भोगायची वेळ आली तर एजंट नाही, मालक म्हणून तुम्हीच उभे राहाल. आयुष्यभर बँकेत चोख नोकरी केलेल्या माणसाने या वयात असा डाग लावून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ज्याला घर समजून पैसे मोजलेत ती खरं तर घरमालकाची जागा आहे, तिच्यावरच्या सगळ्या बंधनांसकट. १९७३मध्ये जुन्या मुंबई भाडे कायद्यात कलम १५-अ आलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे प्रत्यक्ष राहत होते, ते त्या दिवसापासून कायद्याने भाडेकरू झाले. १९९९च्या कायद्याने हे संरक्षण कायम ठेवलं. तुमचे मूळ भाडेकरू १९६८पासूनचे. त्या दिवशी त्यांचं लायसन्स चालू असल्याचं कागदांवरून दिसत असेल, तर ते याच वर्गात बसतात. त्यांच्या मृत्यूने हा हक्क संपला नाही. मृत्यूच्या वेळी सोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती कलम ७(१५)प्रमाणे भाडेकरू होते. पत्नी आणि मुलगा तिथेच राहत होते, हे तुम्हीच लिहिलं आहे. विक्रेत्याला जितके हक्क होते तितकेच तुमच्याकडे आले, त्यापेक्षा एकही जास्त नाही. खरेदीआधीची थकबाकीसुद्धा खरेदीखतात तसं स्पष्ट लिहून घेतलं नसेल तर तुम्हाला मागता येणार नाही.

बाजारभावाने भाडं वाढवता येत नाही. कलम ११ने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आहे. तुमच्या ३१० रुपयांवर ती होते महिना १२ रुपये ४० पैसे. वाचून राग येईल, मला समजतं. महापालिकेच्या करात झालेली वाढ मात्र कलम १२खाली भाड्यात लावता येते; ती लेखी मागा, सोबत बिलाची प्रत जोडा. मेंटेनन्ससाठी सोसायटी सभासदाकडे, म्हणजे तुमच्याकडेच येणार.

चेक परत पाठवणं तर थेट तुमच्याच विरोधात जाणारं आहे. भाडं देऊ करणारा माणूस थकबाकीदार ठरत नाही, आणि परत आलेलं प्रत्येक पाकीट त्याने जपून ठेवलं असेल. खरी थकबाकी असती तरी कलम १५प्रमाणे मागणीची नोटीस द्यावी लागते, ९० दिवस थांबावं लागतं, मग दावा. समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूने सगळी रक्कम १५ टक्के व्याजाने कोर्टात भरली, की ताबा मिळत नाही. ३१० रुपये भाडं असलेला माणूस ती रक्कम सहज भरेल. धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात मी एकदा मालकाच्या बाजूने उभा होतो. उलटतपासणीत भाडेकरू आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत १९७१पासूनच्या पावत्या, सालवार दोऱ्याने बांधलेल्या. आमचा थकबाकीचा मुद्दा तिथेच संपला.

राहिली 'स्वतःची गरज'. कलम १६ हे कारण देतं, पण गरज खरी असावी लागते, आणि ताबा दिल्याने जास्त हाल कुणाचे होतील हेही कोर्ट तोलतं. तुमचं बोरिवलीत घर आहे. उलटतपासणीत समोरचा वकील लगेच विचारेल, ठाण्याचा फ्लॅट कुणाला दिलाय? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही. शिवाय या कारणावर ताबा घेतल्यावर महिन्याभरात प्रत्यक्ष राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलंत, तर कलम १७खाली जुना भाडेकरू घर परत मागू शकतो. मनात विक्री ठेवून असा दावा लावू नका. हुकूमनामा मिळाला तरी त्याच कोर्टातल्या दोन न्यायाधीशांपुढे अपील होतं, मग हायकोर्ट. मुलाला किंवा मुलीला मुंबईत खरोखर घर लागणार असेल, तर ती वेगळी गोष्ट. तसं असेल तर मला कागदांसह भेटा.

तुमच्यासाठी मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग बोलणीचा. कलम ५६मुळे भाडेकरूने हक्क सोडण्यासाठी मोबदला घेणं कायदेशीर आहे. त्या माय-लेकाला विचारा : किती रकमेत हक्क सोडाल, की फ्लॅटच विकत घ्याल? आत माणूस राहत असलेल्या फ्लॅटला बाहेरचं गिऱ्हाईक निम्मी किंमत देतं, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. आत राहणाऱ्याला मात्र तो पूर्ण किमतीचा असतो, म्हणून दोघांनाही परवडेल असा आकडा मध्ये कुठेतरी निघतो. ठरलं तर पैसे बँकेतून द्या आणि हक्क सोडल्याचा दस्त नोंदवा. दस्तावर आईचीही सही घ्या, फक्त मुलाची पुरणार नाही. बोलायला एजंटला पाठवू नका. स्वतः जा, आणि सोबत सोसायटीतला दोघांना मान्य असलेला एखादा ज्येष्ठ माणूस घ्या. नळ बंद करायची भाषा त्यांच्या कानावर गेली असेल, तर आधी ती मागे घेतल्याचं त्यांना सांगा.

ठाण्यात 'त्रास नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण मला खरी काळजी तिथली वाटते. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचं असो, ते लेखी आणि नोंदणीकृत हवं, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अटींबाबत वाद झाला, तर तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत राहणाऱ्याचंच म्हणणं धरलं जातं. नोंदणी असेल तर राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपल्यावर कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. घर अडवून बसलेल्याला समन्सनंतर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क द्यावं लागतं. २८,००० रुपये भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं, तर ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क साधारण ८०० रुपये होतं आणि नोंदणी फी १,००० रुपये. आत राहणारी माणसं चांगली आहेत तोवरच, याच महिन्यात नवा करार नोंदवून घ्या.

पार्ल्याचं शेवटचं पाकीट अजून परत पाठवलं नसेल तर उघडा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. मुदतीत असेल तर उद्याच बँकेत भरा आणि भाड्याची पावती आई-मुलगा दोघांच्या नावाने, 'हक्क राखून' (म्हणजे पावती दिल्याने तुमचा कुठलाही हक्क सोडला असं होत नाही) असं लिहून, स्पीड पोस्टाने पाठवा. पावती देणं कलम ३१ने तुमच्यावर बंधनकारक आहे.