मुलांना घाबरवायचंय? मग राक्षस जरा लपव

मुलांसाठी जादूची, भीतीची कादंबरी लिहितोयस आणि दात, नखं, रक्त सगळं पहिल्याच प्रकरणात दाखवलंस, तर पुढे घाबरवायला उरतं काय? दहा-बारा वर्षांचा वाचक रक्ताला फारसा भीत नाही. ओळखीचं माणूस परक्यासारखं वागू लागलं की मात्र तो हादरतो: आई हाक मारते, पण आवाज किंचित वेगळा. तिथे रेंगाळ, घाई करू नकोस. जादूची किंमत नायिकेनेच मोजायला हवी. एखादी आठवण, स्वतःची सावली, काहीही. मोठ्यांना ऐनवेळी मदतीला धाडू नकोस. मध्येमध्ये विनोद पेर. शेवट गोडच हवा असं नाही (प्रकाशक कुरकुरतील, कुरकुरू देत), पण वाचकाला पुढे जायला एक वाट दिसली पाहिजे. आणि संवाद मोठ्याने वाचून बघ, तुझ्या गोष्टीतली मुलं फार पुस्तकी बोलतात.