शिकागोतल्या मुलींसोबत लिहायला बसण्याआधी

अगं, तिथल्या कृष्णवर्णीय मुलींकडून लिहून घेणार आहेस ना, मग पहिल्याच दिवशी ‘मी कोण’ असला विषय देऊ नकोस. त्यांना शाळेत, दुकानात तो प्रश्न नजरेनेच विचारला जातो. केसांपासून सुरू कर: वेण्या कोण घालतं, तासन्‌तास बसून गप्पा कसल्या होतात? (हात मात्र लावायचा नाही हं!) केसांवरून होणारा भेदभाव रोखायला कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करावा लागला, इतकं ते दुखणं जुनं. दोन दोऱ्यांवर उड्या मारतानाची गाणी म्हणायला लाव, लय तिथेच सापडते. आणि त्यांची बोली ‘शुद्ध’ करू नकोस. मी केली होती. एकीने वहीच मिटली. कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्सची पहिली कविता छापून आली तेव्हा ती १३ वर्षांची होती, शिकागोतच वाढलेली, हे जरूर सांग.