फोटोवरून पानासारख्या हिरव्या नाकतोड्याची नेमकी जात ओळखता येते का?

आपल्या फोटोतील लांब मिशांच्या कीटकाचे कुल टेटिगोनिडी, एवढे निश्चित. उपकुलही बहुधा ठरवता येते. निमुळत्या, तिरप्या डोक्याचे कोनोसेफॅलिनी फोटोतही ओळखू येतात. मात्र 7,000 हून अधिक जातींच्या या कुलात केवळ फोटोवरून कोणी छातीठोकपणे जातीचे नाव सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

हे मी ठामपणे लिहितो, कारण एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी आंबोलीच्या रानात मी मेकोपोडा या याच कुलातल्या प्रजातीच्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नरांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. कारवीच्या एकाच जाळीत एक नर सलग खरखरत होता, तर दुसरा ठरावीक अंतराने, तोडून तोडून आवाज देत होता. विजेरीच्या अंधूक उजेडात दोघांचीही क्रिया सारखीच दिसली: पंख किंचित उचलायचे आणि वरच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूची दातेरी शीर उजव्या पंखाच्या कडेवर घासायची. (रातकिड्यांत उजवा पंख वर असतो.) पुढे भिंगाखाली डोके, पंख, मागच्या मांड्या यांची मापे घेतली, तर दोघांत फरक सापडेना. माझ्या मार्गदर्शकांनी दोन्ही नमुन्यांवर ‘मेकोपोडा इलोंगाटा’ अशी चिठ्ठी लावायला सांगितली आणि आवाजांचे परिशिष्ट प्रबंधातून काढायला लावले. वर्गीकरण शरीररचनेवरच चालते, असे त्यांचे म्हणणे होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांचा 2006 चा शोधनिबंध मी त्यांच्यासमोर ठेवला. दक्षिण भारतातील मेकोपोडांमध्ये, शरीरावरून वेगळे काढता येत नसतानाही, पाच प्रकारची गाणी त्यात नोंदवलेली आहेत. तरीही त्यांचे मत बदलले नाही.

आवाजही वर्गीकरणात धरावा, हे माझे मत मात्र आजही कायम आहे. मेकोपोडाची मादी नराचा आवाज ऐकूनच त्याच्याकडे जाते. तिचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली असतात. कोणाचा कोणाशी संयोग होणार, हे ज्या खुणेवर ठरते, तीच वर्गीकरणातून वगळणे मला शास्त्रीय वाटत नाही. 1758 मध्ये वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने दिलेल्या ‘इलोंगाटा’ या नावाखाली आपण सारे काही कोंबत राहिलो, तर पश्चिम घाटातील वैविध्य मोजले जाण्याआधीच नोंदींतून पुसले जाईल.

म्हणून फोटोबरोबर आवाजही टिपावा आणि त्या वेळचे तापमान लिहून ठेवावे, कारण थंडीत गाण्याची लय मंदावते. अर्थात, पिल्ले गात नाहीत, मेकोपोडाच्या माद्याही गात नाहीत आणि या कुलातील कित्येक जातींचा आवाज मोबाइलला पकडता येत नाही. तेव्हा आपल्या फोटोतील कीटक मादी असेल, तर हा उपाय उपयोगी पडणार नाही. पोटाच्या टोकाला तलवारीसारखा चपटा अवयव दिसतो का, हे आधी पाहावे. तो दिसला तर ती मादी होय. मग नोंदीत उपकुलापर्यंतच लिहावे आणि जातीची जागा मोकळी सोडावी.