दात-शिंपल्यांची प्रथिनं संगणकावर: सुरुवात कुठून?

प्रश्न: मी रत्नागिरीत बायोटेक्नॉलॉजीच्या टीवायला आहे. शिंपले, दात घडवणाऱ्या प्रथिनांवर संगणकाने काम करायची इच्छा आहे. एका संस्थेने मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा महागडा ऑनलाइन कोर्स सुचवलाय. माझा लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे, प्रोग्रॅमिंग जुजबी येतं. कोर्स करू का? यात नोकऱ्या आहेत का?

उत्तर: कोर्सचे पैसे तूर्त वाचव. मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणजे प्रथिनातले अणू कसे हलतात याचं सिम्युलेशन, आणि ती या कामातली शेवटची पायरी. जाहिरातीत ती आधी येते, कारण पडद्यावर हलणारं प्रथिन झकास दिसतं. खरी अडचण वेगळी आहे. बायोइन्फर्मॅटिक्सची बहुतेक साधनं नीट घडी (ठरावीक त्रिमितीय आकार) असलेल्या प्रथिनांसाठी तयार झाली. खनिजांवर काम करणारी कितीतरी प्रथिनं मात्र बिनघडीची, आम्लधर्मी आणि त्याच त्या अमिनो आम्लांच्या रांगा लावणारी असतात. पिंक्टाडा फुकाटा या मोत्याच्या शिंपल्यातल्या ॲस्पीनमध्ये सुमारे 60 टक्के ॲस्पार्टिक आम्लच आहे. असा क्रम ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधणारं साधन) टाकलास आणि लो-कॉम्प्लेक्सिटी फिल्टर (एकसुरी भाग झाकणारी सोय) चालू असला, तर महत्त्वाचा पट्टाच झाकला जातो. फिल्टर बंद केलास, तर केवळ ॲस्पार्टिक आम्ल भरपूर आहे म्हणून काडीचाही संबंध नसलेली प्रथिनं वर येऊ शकतात. म्हणून दोन्ही प्रकारे शोध घ्यायचा आणि जुळणी त्या रांगेच्या बाहेरही टिकते का ते बघायचं.

हात बसवायला लाळेतलं स्टॅथेरिन घे. ते लाळेतलं कॅल्शियम फॉस्फेट साकळू देत नाही आणि दाताच्या इनॅमलला चिकटतं. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यात त्याचा क्रमांक पी02808. तिथे 62 अमिनो आम्लं दिसतील. पहिली 19 सिग्नल पेप्टाइडची (प्रथिनाला पेशीबाहेरची वाट दाखवणारा सुरुवातीचा तुकडा), ती कापली जातात, उरतात 43. हा काप सिग्नलपी वापरून स्वतः पडताळ आणि पुढची सगळी गणितं 43 वरच कर. क्रमावरून प्रभार वगैरे काढणारं प्रोटपॅरम त्यात 4 ऋण आणि 4 धन प्रभाराची अमिनो आम्लं मोजेल, म्हणजे निव्वळ प्रभार शून्य. इथेच फसायला होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट असतं, ते प्रोटपॅरमच्या हिशेबातच नाही. दर फॉस्फेटमागे साधारण उणे 2 धरलं की प्रभार उणे 4 च्या आसपास जातो, आणि खनिजाला धरणारं टोक नेमकं तेच आहे. युनिप्रॉटमध्ये याच जागा 21 आणि 22 दिसतील, कारण तिथली मोजणी सिग्नलपासून सुरू होते.

मग आययूप्रेडवर बिनघडीचे भाग बघ आणि प्रथिनाच्या आकाराचा अंदाज बांधणारं कोलॅबफोल्ड चालव. ते गूगलच्या यंत्रावर चालतं, तुझ्या लॅपटॉपवर भार नाही. पीएलडीडीटी (त्या अंदाजाच्या खात्रीचे 100 पैकी गुण) 50 च्या खाली आणि आकृती सांडलेल्या शेवयांसारखी आली, तर प्रोग्रॅम बिघडला असं समजू नकोस. तो भाग बहुधा खरोखरच बिनघडीचा आहे, त्यामुळे त्या आकृतीवर डॉकिंग (दुसरा रेणू तिच्यावर कसा बसेल ते शोधणं) करण्यात अर्थ नाही. स्टॅथेरिन निवडण्याचं कारणही हेच: हायड्रॉक्सीॲपेटाइट या दाताच्या खनिजावर बसल्यावर त्याचं आम्लधर्मी टोक हेलिक्स (मळसूत्री आकार) धरतं हे सॉलिड-स्टेट एनएमआरने दिसलेलं आहे. म्हणजे तुझं उत्तर ताडून पाहायला प्रयोगातलं माप हाताशी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेफ्री ग्रे यांच्या गटाने रोझेटा या प्रथिन-रचनेच्या प्रोग्रॅमची पृष्ठभागासाठीची पद्धत याच जोडीवर वापरली. ते शोधनिबंध वाच.

सिम्युलेशनचा प्रोग्रॅम ग्रोमॅक्स त्यानंतर. फॉस्फोसेरीन असलेली फाइल थेट दिलीस, तर बऱ्याच फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांचे ठरवलेले आकडे) पीडीबी2जीएमएक्स ही ग्रोमॅक्सची आज्ञा ‘हे अमिनो आम्ल सापडलं नाही’ म्हणून थांबते. चार्म-जीयूआय या संकेतस्थळावर सेरीनला फॉस्फेट लावून तयार फाइली घेणं सोपं. बिनघडीच्या प्रथिनाला चार्म36एम हे फोर्स फील्ड घे. जुनी फोर्स फील्ड आणि टिप3पी हे पाण्याचं प्रारूप ही जोडी अशी प्रथिनं अवाजवी आखडून टाकते. खनिजासाठी इंटरफेस फोर्स फील्डमध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइट आहे, पण पृष्ठभाग पीएचनुसार निवडावा लागतो. कॅल्शियमचा पूर्ण प्रभार 2 ठेवला की तो कार्बोक्सिल आणि फॉस्फेटला प्रमाणाबाहेर घट्ट चिकटतो, प्रभार 0.75 ने गुणून 1.5 धरण्याची पद्धत त्यावरचा एक उतारा आहे. पाण्यासकट 50,000 अणूंची प्रणाली जीपीयू नसलेल्या लॅपटॉपवर दिवसाला काही नॅनोसेकंदच सरकते, तेव्हा लॅपटॉपवर फक्त शिक. खरी धाव प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते. ‘बायोमिनरलायझेशन’ (सजीवांनी खनिज घडवणं) नावाच्या जागा जवळपास नसतात. पीएचडीची तयारी असेल तर दंत आणि अस्थी साहित्य, प्रथिन-पृष्ठभाग संशोधन हे मार्ग खुले आहेत. एमएस्सीनंतर कंपनीत जायचं तर याच कौशल्यावर औषधशोधाच्या किंवा प्रोटिऑमिक्सच्या (एकाच वेळी अनेक प्रथिनं ओळखण्याच्या) कामात शिरता येतं. प्रोटिऑमिक्समध्येही ही प्रथिनं छळतात: प्रथिनं कापणारं एंझाइम ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीननंतर कापतं, ती दोन्ही विरळ असली की मास स्पेक्ट्रोमीटरला सोयीचे तुकडेच मिळत नाहीत. हे कारण मुलाखतीत सांगता आलं तर समोरचा सावरून बसतो.

या वर्षी लिनक्स, पायथन आणि भौतिक रसायनातलं अतिसंपृक्तता व केंद्रक-निर्मिती (स्फटिकाची सुरुवात) एवढं पक्कं कर. एमएस्सीसाठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आणि जीएटी-बी ही प्रवेशपरीक्षा बघ. पुणे विद्यापीठाच्या बायोइन्फर्मॅटिक्स केंद्राची प्रवेशप्रक्रियाही तपास. स्टॅथेरिनचं काम चार पानांत लिही, वापरलेल्या आवृत्त्या आणि सेटिंग्ज नोंदव. उन्हाळी प्रकल्पासाठी आयसर पुणे, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आयआयटी मुंबईतल्या प्राध्यापकांना लिहिताना बायोडेटाबरोबर तीच चार पानं जोड, आणि ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध आहे ते लिही.