सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याचा आजार) असलेल्या रुग्णाच्या यकृतात गाठ दिसली, तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) न करता कॅन्सरचं निदान होतं का?

हो, बहुतेकदा होतं. निरोगी यकृताला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून) मिळतं, हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा या यकृताच्या पेशींच्या कॅन्सरला मात्र मुख्यतः हिपॅटिक धमनीतून. म्हणून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) दिल्यावर 1 सेंमी किंवा त्याहून मोठी गाठ धमनी-फेजमध्ये (औषध धमन्यांत असतानाच्या टप्प्यात) अख्खी उजळली आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडली, की हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा जवळपास नक्की. एकाच फेजचा सीटी काढला तर हा फरक दिसतच नाही. मल्टीफेज (अनेक टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआयच हवा. फक्त कडा उजळली तर कोलँजिओकार्सिनोमाची (पित्तनलिकेच्या कॅन्सरची) शंका येते, तिथे बायोप्सी करावी. रक्तातला एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) नॉर्मल आला म्हणून कृपया निर्धास्त राहू नका, लहान गाठीत तो अनेकदा वाढत नाही. पुढचा अंदाज नुसत्या आकारावरून बांधता येत नाही. चाइल्ड-प्यू स्कोअर (यकृताचं काम किती बिघडलं याचं मोजमाप) आणि कॅन्सरचा पोर्टल व्हेनमध्ये झालेला शिरकाव तितकाच महत्त्वाचा.