डोकं दुखतं म्हणजे गाठच असेल का?

"ताई, डोक्यात गाठ तर नसेल ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की समोरचा बोलायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

इंदूरच्या रामबागेतले एक काका (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). छातीत दुखायचं म्हणून डॉक्टरांनी नायट्रेटची गोळी सुरू केली आणि डोकं ठणकू लागलं. मोठे भाऊ मेंदूच्या गाठीनं गेलेले. दोन भेटींत मी केवळ धीर दिला, तो दारापर्यंतही टिकला नाही. मग वही दिली: डोकं कधी दुखलं, कुठलं औषध किती वाजता घेतलं, एवढंच लिहा.

तिसऱ्या भेटीत वहीतले तीन दिवस कोरे होते.

"या दिवशी दुखलं नाही?"

"नाही."

"गोळी घेतली होती?"

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. "नव्हती घेतली. गोळी गरम पडते, गाठ चाळवते असं वाटलं. मुलाला सांगू नका."

मी वही त्यांच्याकडे वळवली. "गोळी आणि दुखणं एका ओळीत वाचा बरं." त्यांनी बोट फिरवत दोनदा वाचलं. मग मी सांगितलं, नायट्रेटनं रक्तवाहिन्या सैलावतात. छातीला आराम पडतो तो त्यानंच आणि डोकं ठणकतं तेही त्यानंच. १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन, म्हणजे याच जातीचं औषध, तयार करणाऱ्या सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं ते जिभेला लावून पाहिलं, तेव्हा त्याचंही डोकं दुखलं होतं.

"त्यालासुद्धा?" काका महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

भीतीशी वाद घालू नये, तिला तिचाच पुरावा तपासायला लावावा, असं मी पहिल्यापासून मानत आले. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडलं.

पण गोळी मनानं बंद करणं धोक्याचंच, छातीचं दुखणं उलटू शकतं. काका वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मात्रा कमी केली. हा ठणका बहुधा काही दिवसांत ओसरतो. मात्र डोकं क्षणात असह्य दुखलं, तापासोबत मान ताठली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर वही नको, थेट दवाखाना.

काकूंनीही मग आपली वही काढली. डोकेदुखीसाठी महिन्यात १८ दिवस साध्या गोळ्या. महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, की गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. काकूंची भेट येत्या मंगळवारी आहे.